सवतीचा गिअरबॉक्स

१२ जानेवारी

ही वही ह्यांनी आणून दिली. म्हणाले, जे जे खोलशील ते लिहून ठेव, नाहीतर बसवताना बोंबलशील. मी आजवर मापांपलीकडे काही लिहिलेलं नाही. छाती, कंबर, बाही. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मी कापड बेतते आणि कापते, तिथे मला कटिंग मास्तर म्हणतात. हे तांत्रिक शाळेत यंत्रांची चित्रं काढायला शिकवायचे, गेल्या वर्षी निवृत्त झाले. घरात दोन मास्तर आणि विद्यार्थी एकही नाही, असं हे नेहमी म्हणायचे. आजपासून एक मिळाली.

गाडी म्हणजे ती दोन सीटची, बसकी, हिरवी. आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी ह्यांनी भंगारातून उचलून आणली आणि स्वतः उभी केली. माझ्याआधी घरात आली म्हणून मी तिला सवत म्हणते. अठ्ठावीस वर्षांत मी तिच्या बाजूच्या सीटवर दहा-बारा वेळा बसले असेन. चालवायला मला येत नाही आणि यावं असं कधी वाटलंही नाही.

गेल्या वर्षापासून ह्यांचा डावा पाय ओढतो. घरात चालताना चप्पल मागे राहते आणि पाऊल पुढे जातं. डॉक्टर म्हणतात नसांचं आहे. इंजेक्शनं चालू आहेत. महिन्याभरापूर्वी क्लचवरून पाय सटकला आणि सवत फाटकावर जाऊन टेकली. तेव्हापासून ती शेडमध्ये आहे.

ह्यांनी ठरवलंय की क्लच पायातून काढून हातात आणायचा. मोटरसायकलच्या ब्रेकला असतो तसा दांडा गिअरच्या मुठीशी बसवायचा. आणि गिअरबॉक्स काढावा लागणारच आहे, तर तोही दुरुस्त करायचा, कारण दुसरा गिअर टाकताना खर्र करतो. मी म्हटलं, चांगला मेकॅनिक बघा. तर म्हणे, तू कर, मी सांगतो.

पाय बरा होईपर्यंत ह्यांना काहीतरी विरंगुळा हवा. म्हणून हो म्हटलं.

१९ जानेवारी

दोन्ही सीट काढल्या. दोन सीटमधला लांबट उंचवटा, हे त्याला बोगदा म्हणतात, तो म्हणजे नुसतं जाड पुठ्ठ्याचं झाकण निघालं, मला वाटलं होतं लोखंड असेल. खाली गिअरबॉक्स. एखादं गलेलठ्ठ जनावर झोपलेलं असावं तसा. हे खुर्चीवर बसून छडीने दाखवतात आणि मी गुडघ्यांवर. एक बोल्ट अर्धा तास हलेना. मी म्हटलं, तुम्ही जरा जोर लावा. हे म्हणाले, लांब पाना घे, जोर लांबीतून येतो.

दोन वेळा तेच. मदत मागितली की खुर्चीतून हलायचं नाही. शाळेत मुलं ह्यांना का घाबरायची ते कळलं.

२ फेब्रुवारी

शेजारच्या गल्लीतले लेथवाले काका साखळीची कप्पी घेऊन आले. ह्यांचे जुने मित्र, एका कानाने कमी ऐकतात, म्हणून सगळ्यांशी ओरडून बोलतात. तुळईला कप्पी टांगून गिअरबॉक्स वर उचलला आणि दाराच्या बाजूने बाहेर घेतला. काका मला म्हणाले, “वहिनी, बाळंतपण सुखरूप झालं.” हे खूप हसले. हसता हसता ठसका लागला आणि बराच वेळ थांबेना. पाणी दिलं तर तेही चुकीच्या नळीत गेलं.

९ फेब्रुवारी

गिअरबॉक्स पूर्ण खोलला. जुन्या चादरीवर सगळं मांडलं, प्रत्येक तुकड्याभोवती शिवणाच्या खडूने रेघ मारली आणि नंबर घातले, कापडावर बेतणी मांडतो तसे. एकशे सात तुकडे. ह्यांनी चादरीकडे इतका वेळ बघितलं की मला वाटलं काहीतरी चुकलंय. मग म्हणाले, “तीस वर्षं शिकवलं, असं कोणी मांडलं नाही.”

अठ्ठावीस वर्षांत ह्यांनी माझ्या कामाचं केलेलं हे बहुधा दुसरं कौतुक. पहिलं आठवत नाही, पण असेलच.

दुसऱ्या गिअरचं दुखणं सापडलं. आत पितळी रिंगा असतात. दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात, रिंग आधी दोघांचा वेग जुळवते, मग गिअर पडतो. आमची रिंग झिजून गुळगुळीत झालीय. म्हणजे इतकी वर्षं दोघं न जुळताच एकमेकांत घुसत होती. मी म्हटलं, बऱ्याच घरांत असंच चालतं.

१ मार्च

लेक आली होती चार दिवस. दुसऱ्या शहरात मोठ्या इस्पितळात परिचारिका आहे. वडलांना घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे गेली. मला कारखान्यात शाळांची घाई, सुट्टी मिळाली नाही. संध्याकाळी विचारलं तर हे म्हणाले, इंजेक्शनं बदलली, वेळ लागेल. लेकीचे डोळे सुजलेले होते. म्हणाली, रॉकेलचा वास चढला. खरंच आहे, मी सुटे भाग रॉकेलमध्ये धुते, सगळ्या घराला तो वास येतो.

जाताना मला घट्ट धरून उभी राहिली. तिकडे नोकरीत तिला काहीतरी त्रास असणार. सांगत नाही. बापावर गेलीय.

२३ मार्च

नवी बेअरिंग, नव्या रिंगा, तेल अडवणारी नवी सीलं. तीन वेळा जोडलं आणि तीन वेळा खोललं. पहिल्यांदा रिंग उलटी बसली होती. दुसऱ्यांदा एक बारीक स्प्रिंग उडून शेडच्या कौलात गेली आणि दोन दिवस सापडली नाही. तिसऱ्यांदा सगळं बरोबर होतं असं माझं मत, पण हे म्हणाले, “शाफ्ट हाताने फिरव. काय वाटतं?” मी म्हटलं, फिरतोय. “फिरतोय हे मला दिसतंय. हाताला काय वाटतं?” मी डोळे मिटून फिरवला. एका जागी अगदी किंचित अडत होता, कात्रीखाली कापडाची गाठ यावी तसा. पुन्हा खोललं. कडेला कानशीने घासलेल्या लोखंडाचा एक कण होता.

ह्यांना आताशा नवीनच खूळ. घरातला फ्यूज मीच बदलायचा, नळाचं वायसर मीच, गच्चीच्या टाकीचा फुगा मीच. मी म्हटलं, सेवानिवृत्तीत माणूस आळशी होतो हे ऐकलं होतं, इतका होतो हे नव्हतं. 

१७ एप्रिल

दांड्यावरून लेथवाले काका आणि हे यांची जुंपली. हाताचा दांडा ह्यांनी चित्र काढून दिला होता, काकांनी लेथवर घडवला. छान काम. पण चित्रात दांडा गिअरच्या मुठीपासून बाजूच्या सीटकडे झुकलेला. काका ओरडून म्हणाले, चालवणाऱ्याचा हात इकडे आणि दांडा तिकडे, मास्तर, चित्र उलटं झालंय. ह्यांनी सांगितलं, मला तसाच हवाय. काका माझ्याकडे बघायला लागले. मी खांदे उडवले. ह्यांची चित्रात कधी चूक होत नाही, पण वय झालं की कोणाचीही होते, आणि चूक कबूल करायची ह्यांना सवय नाही.

ह्यांचे शब्द हल्ली जरा घसरतात. “दांडा” म्हणताना “लांला” असं काहीतरी येतं. दातांच्या डॉक्टरांकडे नेलं पाहिजे.

११ मे

गिअरबॉक्स आत गेला. आधी तास दीड तास शाफ्टचं टोक क्लचच्या भोकात जाईना. हे म्हणत राहिले, ढकलू नकोस, वाट बघ, हलवत राहा. आणि एकदम गेला. आवाजही नाही. मी खाली वाकूनच रडले थोडी. ह्यांना दिसलं नाही.

१७ मे

नळी जोडली, तेल भरलं. आता नळीतली हवा काढायची. याला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून दांडा दाबून धरायचा, दुसऱ्याने गाडीखाली जाऊन छोटी चावी सैल करायची, हवेचे बुडबुडे निघाले की बंद करायची. हे वर, मी खाली.

मी ओरडायचे, दाबा. हे म्हणायचे, दाबला. मी चावी सोडायचे आणि हवा बाहेर यायच्या ऐवजी आत जायची. म्हणजे दांडा मागे सुटत होता. धरून ठेवा म्हटलं. धरलाय म्हणाले. असं वीस वेळा. शेवटी मी चिडले, म्हटलं, एवढं एक काम तुमच्याकडे आहे, तेही मन लावून करत नाही. 

१८ मे

दांड्याच्या पंपाचं सील बदललं. तेच.

२४ मे

दुसरं सील. तेच. ह्यांनी आज दोन्ही हातांनी दाबलं तरी तेच.

२५ मे

लेथवाले काका आले, एका हाताने दांडा दाबला आणि दुसऱ्या हाताने चहा प्यायले. दहा मिनिटांत सगळी हवा निघाली. काही काही लोकांच्या हाताला यश असतं. मी ह्यांना तसं म्हटलंही.

काका जाताना शेडच्या दारात थांबले. प्रथमच हळू आवाजात बोलले. म्हणाले, “वहिनी, मास्तरांना रागावू नका.” मी म्हटलं, मी कुठे रागावते, आमचं बोलणंच तसं.

५ जुलै

लेकीचा फोन. हे झोपले होते. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, आई, बाबांचा आवाज रेकॉर्ड करून ठेव, नंतर जमणार नाही. मी विचारलं, नंतर म्हणजे कधी. ती इस्पितळातल्या पाळ्यांचं बोलायला लागली. मी पुन्हा विचारलं. मग ती म्हणाली, “बाबांनी तुला अजून सांगितलं नाही?”

मार्चपासून माहीत आहे. दोघांनाही. पाय, मग हात, मग जीभ, मग गिळणं, मग श्वास. क्रम मागेपुढे होतो, पण थांबत नाही. इंजेक्शनं नुसती माझ्यासाठी होती. त्यांत काय होतं तेसुद्धा लेकीने सांगितलं. जीवनसत्त्व.

बाकी काही लिहीत नाही.

७ जुलै

दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. ताट ठेवलं, उचललं. चार महिने मी गाडीखाली पाठीवर पडून होते. चार महिने. घरात बसता आलं असतं, कुठे फिरून येता आलं असतं. हात धरून बसता आलं असतं. मी गाडीखालून ओरडत होते, मन लावून करा म्हणून.

८ जुलै

आज ह्यांनीच काढलं. शब्द सुटे सुटे येतात, म्हणून मी जवळ बसले. म्हणाले, “तुला कळलं असतं तर तू रडत बसली असतीस. मला तू काम करताना बघायची होतीस. कारखान्यात सगळ्यांनी बघितली. मी नाही.”

मी म्हटलं, तुम्हाला काय बघायचं होतं ते तुम्ही ठरवलंत, मला काय हवं होतं ते कोणी विचारलं.

मग म्हणाले, चुकलं.

हा शब्द मी ह्यांच्या तोंडून अठ्ठावीस वर्षांत ऐकला नव्हता. आणि तो ऐकल्यावर मला अजिबात बरं वाटलं नाही. म्हटलं, राहू दे. दोन दिवसांचा अबोला मी केला, ते दोन दिवस आता मी कुठून आणू.

१३ जुलै

गाडी बाहेर काढली.

बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे सिमेंटचं मोठं आवार आहे, तिथे. काकांनी तिथपर्यंत ओढून नेली. ह्यांना उचलून चालवायच्या सीटवर बसवलं. उजवा पाय ठीक आहे, उजवा हात स्टिअरिंग फिरवण्यापुरता चालतो. मला बाजूला बसायला सांगितलं आणि बोटाने दांडा दाखवला.

माझा हात त्यावर सरळ पडला. कोपर न वाकवता. माझ्याच मापाचा बेतला होता.

मी काकांकडे बघितलं. त्यांनी तोंड फिरवलं.

हे स्टिअरिंग धरतात, उजव्या पायाने वेग आणि ब्रेक. मी दांडा दाबते, गिअर टाकते, दांडा सोडते. एक गाडी आणि दोन माणसं. पहिल्यांदा सोडला तर सवतीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही. सातव्यांदा चालली. हे इंजिन ऐकतात आणि म्हणतात, “आता.” मी दाबते. दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला. खर्र नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी म्हटलं, पुढे बघा.

सहा फेऱ्या मारल्या. काका आवाराच्या कडेला रुमालाने चष्मा पुसत बसले होते.

३ ऑगस्ट

दर रविवारी जातो. तिसऱ्या गिअरपर्यंत गेलो. कारखान्यातल्या बायका विचारतात, रविवारी कुठे असतेस. मी म्हटलं, नवऱ्याबरोबर फिरायला जाते. त्या हसल्या. या वयात, म्हणाल्या.

३१ ऑगस्ट

“आता” म्हणता येत नाही. हनुवटी हलवतात. मान धरायला मी आमच्याकडच्या कॉलरच्या कॅनव्हासचा पट्टा शिवला, आतून मऊ कापड. लेक म्हणाली, इस्पितळातल्यापेक्षा चांगला आहे.

२१ सप्टेंबर

आज हनुवटी हलायच्या आधी माझा हात गेला. बरोबर वेळेला गेला. माझ्या लक्षात आलं तेव्हा गिअर पडून गेला होता. ह्यांना विचारलं, चाललं का. डोळे मिटले आणि उघडले. आमच्यात त्याचा अर्थ हो.

मग मी दिवसभर अस्वस्थ होते. सांगायची गरज नाही हे ह्यांना कळलं, ते बरं झालं की वाईट, मला ठरवता येईना.

१९ ऑक्टोबर

शेवटच्या वळणाला स्टिअरिंग फिरलं नाही. हात नुसते वर ठेवलेले होते. पाय मात्र ह्यांनी वेळेवर ब्रेकवर नेला. गाडी भिंतीपासून चार हातांवर उभी राहिली. मी इंजिन बंद केलं. आम्ही तसेच बसून राहिलो. ऊन होतं, भिंतीवर गवत उगवलं होतं, त्यात एक मांजर. ह्यांनी मांजराकडे बघितलं, मीही बघितलं. मग काका आले आणि ह्यांना उचललं.

पुढच्या रविवारी जायचं की नाही हे कोणी काढलं नाही.

२६ नोव्हेंबर

हे गेले. काल सकाळी. लेक जवळ होती, मीही होते. मी पाठीला तेल लावत होते. त्रास झाला नाही असं लेक म्हणते. ती परिचारिका आहे, तिला माहीत असेल. मला ती माझी मुलगी म्हणून सांगते की परिचारिका म्हणून, ते विचारलं नाही.

२८ डिसेंबर

कामावर जाते. एका शाळेच्या साठ बाह्या उलट्या कापल्या. कोणी काही बोललं नाही, ते जास्त लागलं.

लेक म्हणते, माझ्याकडे चल. तिच्या घरी एक खोली रिकामी आहे, खिडकीत झाड आहे. जागा बदलली की बरं वाटतं, असं तिचं म्हणणं. मी हो म्हटलं. नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही. गाडी काकांच्या शेडमध्ये राहील.

११ जानेवारी

गाडी हलवायला गेले तर खाली तेलाचं थारोळं. गिअरबॉक्सचं मागचं सील गळतंय. मीच बसवलेलं. काका म्हणाले, राहू द्या वहिनी, उभीच तर करायचीय. मी म्हटलं, गळकी गाडी मी कोणाच्या दारात उभी करणार नाही. लेकीला कळवलं, हे झालं की येते. ती म्हणाली, मी शनिवारी न्यायला येते.

१३ जानेवारी

सीट काढल्या, पुठ्ठ्याचं झाकण काढलं. कप्पी मीच टांगली. जो बोल्ट गेल्या वर्षी अर्धा तास हलला नव्हता, तो लांब पान्याने एका झटक्यात सुटला. चादर पसरली, खडू घेतला. नंबर घालायची गरज पडली नाही, सगळं कुठलं कुठे ते हाताला ठाऊक आहे. तरी घातले.

सीलाची कड एका जागी दुमडली होती. बसवताना घाई केली असणार.

१५ जानेवारी

नवं सील बसवलं. शाफ्ट डोळे मिटून फिरवला. कुठेही अडत नाही. मी वाट बघितली. कोणी चूक काढली नाही. कारण चूक नव्हतीच.

१६ जानेवारी

आज गिअरबॉक्स आत घातला. शाफ्ट पहिल्याच वेळी गेला. दुपारपर्यंत सगळे बोल्ट आवळून झाले, तेल भरलं, खाली कागद अंथरून दोन तास ठेवला. एक थेंब नाही. झाकण आणि सीटच तेवढ्या राहिल्या होत्या. हात धुतले, चहा केला, शेडमध्ये येऊन बसले. एवढं चोख काम मी आयुष्यात केलं नसेल.

चहा गार झाला. मग मी उठले, पाना घेतला आणि पहिला बोल्ट सैल केला. मग दुसरा.

लेकीला फोन करून सांगितलं, शनिवारी नको येऊस. अजून थोडं काम निघालंय.